सांगणे आपले, ठरवणे त्यांचे

ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा घरात आणि फार तर देवळाच्या आवारात ठेवावी, शेजाऱ्याला ती सांगायला जाऊ नये, असे अनेकांचे म्हणणे असते. म्हणणारे सगळेच द्वेष्टे नसतात. त्यांत सज्जन आहेत, भांडणतंटा नको म्हणणारे ख्रिस्ती लोकही आहेत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष नीट मांडूनच उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप असा की, धर्म ही खासगी बाब आहे. पण आपल्याकडे ती तशी कधी होती? कीर्तनकार भर चौकात मांडव घालून भक्ती शिकवतो. नास्तिक व्याख्यानमालेत देव नाही असे सांगतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंच्या समोर धम्म स्वीकारला आणि अनुयायांना दीक्षा दिली. ज्याला काही मनापासून पटले आहे, तो ते बोलणारच. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म पाळण्याच्या जोडीने त्याच्या प्रसाराचेही स्वातंत्र्य आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा उल्लेख गाळण्याची मागणी झाली, तेव्हा त्याची बाजू घेणाऱ्यांत भारतीय विद्या भवनाचे संस्थापक कन्हैयालाल मुन्शी होते. भाषणस्वातंत्र्य एकदा मान्य केले की आपला धर्म दुसऱ्याला पटवून देण्याची मुभा त्यात आलीच, असा त्यांचा मुद्दा होता.

दुसरा आक्षेप गांधीजींचा, आणि तो जास्त खोल आहे. गुलाबाला आपल्या सुगंधाचा प्रचार करावा लागत नाही. तसे तुमचे आयुष्यच बोलू द्या, असे ते मिशनऱ्यांना सांगत. यातले अर्धे निर्विवाद आहे. ज्याच्या वागण्यात ख्रिस्त दिसत नाही, त्याने तोंड न उघडलेलेच बरे. पण उरलेल्या अर्ध्याचे काय? मी आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढली आणि का काढली हे कधीच सांगितले नाही, तर पाहणारा म्हणेल, माणूस मुळातच भला आहे. हे श्रेय मला घेता येत नाही. माझ्यात जे बरे आहे ते मिळालेल्या क्षमेतून आले, अशी माझी श्रद्धा आहे. ज्याने ते दिले त्याचे नाव गाळून मी भलेपणा मिरवला, तर त्या मौनाला नम्रता कसे म्हणावे?

तिसरा आक्षेप सक्तीचा आणि आमिषाचा. इथे सारवासारव करू नये. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, १५६० पासून धर्मन्यायालय चालवले. त्याचे समर्थन शुभवर्तमानात कुठेही सापडत नाही. पण प्रत्येक बाप्तिस्म्यामागे तांदळाचे पोते शोधणे हाही अन्यायच. त्यात गरिबाचा उघड अपमान आहे. त्याला पोट आहे, पण विवेक नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. आणि कवी नारायण वामन टिळकांना कोणते आमिष होते? १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नातेवाईक, प्रतिष्ठा, काही काळ संसारही गमावला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच, आणि सोवळे सांभाळत राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, तोही स्वतःला पटल्यावर. ज्या काळात नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

आता घरच्यांचे खंडन. किती सभा घेतल्या, किती ‘आत्मे जिंकले’ याचे आकडे अहवालात भरणारे आपल्यातही आहेत. दुसऱ्याच्या देवाची टिंगल केल्याशिवाय ज्यांना ख्रिस्त सांगताच येत नाही, असेही आहेत. एक अनुयायी मिळवण्यासाठी समुद्र नि जमीन पालथी घालणाऱ्या परूश्यांवर येशूने किती कठोर शब्दांत कोरडे ओढले, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात त्यांनी एकदा वाचावे. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूने त्याच्यामागे माणूस धाडला नाही की अटी सैल केल्या नाहीत.

मग ख्रिस्ती माणसाला पाचारण नेमके कशाचे? योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री पाहा. विहिरीवर तिला जे कळले ते तिने घागर तिथेच टाकून गावाला सांगितले आणि या, स्वतः पाहा म्हणाली. पुढे गावकऱ्यांनीच तिला सांगितले की, आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावर नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. तिचे काम तिथे संपले. मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, असे आपण शिकवतो. मग ते आपल्या हातात घेण्याचा हव्यास कशाला? प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. श्रद्धावंताला हा भेद जड जाऊ नये. मात्र ऐकणाऱ्याला आपले मत बदलण्याचे स्वातंत्र्य त्याच पंचविसाव्या कलमाने दिले आहे, हेही सरकारने विसरू नये.

पेत्राने आपल्या पत्रात आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्याची तयारी ठेवा, पण सौम्यतेने आणि आदराने, असे बजावले आहे. आदर म्हणजे समोरच्यालाही बोलू देणे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद रंगले. मिशनचा पगार सोडून साधेपणाने राहणाऱ्या जॉर्ज बोवेन यांनी ते वाद पुस्तकरूपाने छापले. ऐकणाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि आपापले ठरवले. शेजाऱ्याला ख्रिस्ताविषयी सांगायचे असेल, तर त्याच्या विठ्ठलाविषयी, अल्लाविषयी किंवा त्याच्या नास्तिक्याविषयी तितकाच वेळ ऐकण्याची तयारी हवी. ती ज्याची आहे त्याने खुशाल बोलावे. त्याला गप्प बसवण्याचे कारण ना धर्मात आहे, ना घटनेत.