पाडायला आलात, नोटीस दाखवा

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहती घरं पाडू नयेत, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. त्यामुळे वस्त्यांना खरी धास्ती असते ती मे महिन्याची.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाची रीत घालून दिली. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि घरावरही चिकटवायची. उत्तराला किमान पंधरा दिवस, मग समक्ष सुनावणी, कारणांसह आदेश आणि त्यानंतर आणखी पंधरा दिवस. हे डावललं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. मुंबईतला सर्वांत गरीब माणूस नेमका तिथेच राहतो!

१९८१च्या भर पावसात पदपथावरच्या कुटुंबांना हुसकावण्याचा निर्णय झाला आणि ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १९८५च्या निकालाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला; पदपथावर राहण्याचा हक्क मात्र नाकारला. पुढच्या निकालांत निवाऱ्याचा हक्क आला, पण संसदेने तसा कायदा आजवर केलेला नाही. सगळी परिस्थिती तपासून न्यायालयाने आदेश दिल्याशिवाय कुणालाही घरातून काढता येणार नाही, असं दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेचं कलम २६ सांगतं. आपल्या खासदाराकडे, आमदाराकडे अशीच तरतूद मागा. लेखी मागा.

तोवर कागद वाचवा. पुनर्वसनाला पात्र की अपात्र, हे झोपडी १ जानेवारी २०००च्या किंवा २०११च्या आधीची आहे का, यावर ठरतं. आणि त्याचे पुरावे, म्हणजे फोटोपास, वीजबिल, मतदार यादीचा उतारा, त्याच झोपडीतल्या ट्रंकेत असतात. पत्र्यांबरोबर ट्रंकही ढिगाऱ्यात गेली, की वीस-पंचवीस वर्षं राहिलेलं कुटुंब अपात्र ठरू शकतं. इमारतीत राहणाऱ्यांनो, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या कागदांच्या झेरॉक्स काढा आणि एक संच तुमच्या कपाटात ठेवा. हे आजच करा.

शेजारच्या वस्तीत जेसीबी आला तर खाली उतरा. नोटीस कधी दिली, आदेश कुणाच्या सहीचा, हे विचारा. उत्तर लिहून घ्या, तारीख-वेळ टाका. कुणाच्या घरावर नोटीस लागलेली दिसली तर त्याच दिवशी त्यांच्यासोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.