वेदनेला पुण्य म्हणणाऱ्यांना

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातले सुभेदारकाका गेले. मराठा लाइट इन्फंट्रीत उमेदीची वर्षे काढलेला माणूस. कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा रात्री उशी दातांत धरून कण्हत, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जपमाळेला जमत होतो. प्रार्थना झाली की काकू दाराशी येऊन म्हणत, "प्रार्थना करताच हो, पण ते मॉर्फिन कुठं मिळतंय का बघा की."

आम्ही बघितले. दुकानदारांनी नाव ऐकूनच मान हलवली. एका दवाखान्यात पॅरासिटामॉल लिहून दिले आणि वर सांगितले, मॉर्फिनची सवय लागेल. ज्याच्यापाशी दोन महिनेही उरले नव्हते त्याला सवय!

पण आम्हाला जास्त बोचले ते आपल्याच माणसांचे बोलणे. "देवाने दिलेला क्रूस आहे, सोसावा." हे म्हणणाऱ्याची कंबर त्या वेळी दुखत नव्हती. बंधुभगिनींनो, ही शिकवण ख्रिस्तसभेची नाही. बाराव्या पायस पोपमहाशयांनी 1957 साली डॉक्टरांपुढे स्पष्ट केले की, दुसरा उपाय नसेल तर वेदनाशामक द्यावे, मग त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद 2279 हेच सांगतो. मार्काच्या पंधराव्या अध्यायात प्रभूने बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, हे आम्हाला ऐकवतात. नाकारला तो त्याने, स्वतःसाठी. दुसऱ्याच्या ओठांपासून पेला ओढून घेण्याचा अधिकार त्याने कुणाला दिला? शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. सोसण्यावर प्रवचन दिले नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. अमेरिकेतले माजी सैनिक वेदनेवर गांजापासून केलेले औषध मागतात, काही राज्ये देतात, काही नाही, आणि सरकारी सैनिक रुग्णालयातले डॉक्टर ते लिहून देऊ शकत नाहीत. हे वाचून आमची तरुण मुले हसली. आपल्याकडे तर अफूच्या जुन्या, सिद्ध औषधावरच अडले आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात वैद्यकीय वापराला सूट पहिल्यापासून आहे. पण शिक्षा कडक आणि प्रत्येक राज्याचे परवाने निराळे, म्हणून डॉक्टर व दुकानदार वाटेलाच जाईनात. शेवटी 2014 मध्ये दुरुस्ती झाली. आता रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी एकच मंजुरी घ्यायची, प्रशिक्षित डॉक्टर ठेवायचा आणि साठ्याचा हिशेब द्यायचा. कायदा सैल झाला, भीती मात्र तशीच राहिली. आणि अफू पिकते कुठे? आपल्याच मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने. ती नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, तिथून परदेशी औषधांसाठीही. धारवाडच्या खाटेपर्यंत मात्र येत नाही.

अमेरिकेत अशाच गोळ्या बेफाम लिहून दिल्या गेल्या आणि हजारो माणसे दगावली, हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच नोंदवही हवी, तपासणी हवी. पण चोराच्या भीतीने कुणी घरच्यांना उपाशी ठेवते का? केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच देशाच्या कायद्यात राहून रुग्णांच्या घरापर्यंत मॉर्फिन पोहोचवले.

व्यसनमुक्तीच्या फेरीत आम्हीही फलक धरतो, पुढेही धरू. पण त्यावर औषधाला विष म्हणू नका. आपल्या मिशनच्या दवाखान्यांनी ही मंजुरी मागितली आहे का, हे विचारायला लाजू नका. ज्या माजी सैनिकांकडे ईसीएचएसचे कार्ड आहे त्यांनी यादीतल्या रुग्णालयांना हाच प्रश्न लेखी विचारावा. देशासाठी गोळ्या झेलणाऱ्याला शेवटी एक गोळी मिळत नाही, याची लाज रुग्णालयाइतकीच आपल्यालाही वाटायला हवी.

येत्या रविवारी ख्रिस्तयागानंतर सभागृहात दवाखान्याला द्यायचा अर्ज ठेवत आहोत. पहिली सही काकूंनी केली आहे.