काटा एकच हवा

खेरडीच्या माझ्या दवाखान्यात बाळाला लसीकरणासाठी घेऊन आलेल्या एका तरुण पित्याने मोठ्या अभिमानाने सांगितले, की इंजिनाच्या संगणकातील प्रणाली बदलून घेतल्याने गाडीची शक्ती पंचवीस अश्वशक्तींनी वाढली आहे. गाडी चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय, 1.2 लिटरचे टर्बो इंजिन, कंपनीचा आकडा 105 अश्वशक्ती. ‘‘बदलापूर्वी मोजली होती का?’’ या प्रश्नावर तो निरुत्तर झाला.

टॉनिकचा गुण आम्ही बालरोगतज्ज्ञ असा मान्य करीत नाही. वजन आधी आणि नंतर, एकाच काट्यावर, कपडे उतरवून घ्यावे लागते. मोटारीचेही तसेच आहे. कंपनीचा आकडा क्रँकशाफ्टवरचा असतो. डायनोमीटरचे रोलर चाकांवरची शक्ती मोजतात आणि गिअरबॉक्समधील घर्षणामुळे ती कमी भरते. या दोहोंची वजाबाकी निरर्थक ठरते. शिवाय आत येणारी हवा तापली, की टर्बो इंजिन मंदावते. म्हणून एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये, बदलापूर्वी तीन व नंतर तीन चाचण्या घ्याव्यात आणि तापमान व हवेचा दाब यांनुसार आकडे दुरुस्त करावेत. तोवर ती वाढ केवळ दावाच मानावी.

आणि वाढ खरी निघाली, तर चिंता अधिकच! ब्रेक, टायर मूळचेच राहतात. वेग दुप्पट झाला, की थांबविण्याची ऊर्जा मात्र चौपट होते. पालकांनी प्रथम ब्रेक तपासावेत, बाळासाठी सुरक्षा-आसन बसवावे; अश्वशक्तीचा विचार त्यानंतर.