हरलेल्या मताचे काय करायचे?



निवडणुकीचा निकाल लागला की वर्तमानपत्रे जिंकलेल्यांची छायाचित्रे छापतात आणि हरलेल्यांची मते एका कोष्टकात जातात. त्या कोष्टकातल्या प्रत्येक आकड्यामागे माणसे असतात, आणि त्यांत पहिल्यांदाच मत देणाऱ्या मुलीही असतात. निवडणूक लोकसभेची असो की ग्रामपंचायतीची, निकालानंतर आमच्या सल्ला केंद्रावर आणि शिबिरांत अशा मुली भेटतात. त्यांचे म्हणणे थोड्याफार फरकाने एकच असते: "ताई, आमचं मत वाया गेलं." काही जणी पुढे म्हणतात, "आता पुन्हा नाही जायचं." या वेळी आपल्याला याच वाक्याचा विचार करायचा आहे.

मराठवाड्यातल्या एका गावचे उदाहरण घेऊ. तिथे शिवणकाम करून घर चालवणारी एक बाई ग्रामपंचायतीला उभी राहिली. जागा स्त्रियांसाठी राखीव नव्हती, त्यामुळे "सर्वसाधारण जागेवर बाईचं काय काम?" हा प्रश्न तिला पहिल्या दिवसापासून ऐकावा लागला. पाण्याची टाकी आणि गावातले दारूचे दुकान, एवढे दोनच मुद्दे घेऊन ती दारोदार फिरली. ती ३७ मतांनी हरली. गुलाल तिच्या दारासमोर मुद्दाम उधळला गेला. तिला मत देणारी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आम्हाला भेटली. तिच्या घरची मते भावकीच्या बैठकीत आधीच ठरली होती. मतमोजणीनंतर चुलत्यांनी आकडे मांडले आणि "आपल्या वाड्यातली मते फुटली" असा निष्कर्ष काढला. जेवायला बसले की चौकशी सुरू व्हायची. "शिकवलं म्हणून डोकं फिरलं," असे बोलणेही तिला ऐकावे लागले. तिने आम्हाला विचारले, "ती निवडून आली असती तर मी हे सगळं सहन केलं असतं. आता हरली, तर मग मी चुकले का?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊन चालणार नाही. उमेदवार हरल्याचे दुःख खरे असते. ते पोरकट नाही. कुणावर तरी विश्वास टाकून, घरच्यांच्या मनाविरुद्ध बोट ठेवायला धैर्य लागते. ते धैर्य एका दुपारच्या मोजणीत मोडीत निघाले असे वाटणे साहजिक आहे. पण हार उमेदवाराची आहे आणि निर्णय त्या मुलीचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला शिकले पाहिजे.

आपल्या मताचा इतिहास आठवून पाहा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे ८ कोटी स्त्री मतदार होत्या. त्यांतल्या सुमारे २८ लाख जणींनी यादीत स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच त्यांची ओळख. त्यांची नावे यादीतून वगळावी लागली. वयाच्या १८ व्या वर्षी मत देता येऊ लागले ते १९८९ पासून, त्याआधी ही वयोमर्यादा २१ होती. म्हणजे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या विचाराने मत देणारी १९-२० वर्षांची मुलगी ही आपल्या लोकशाहीतली तशी नवीनच घटना आहे. ती घडली, हे निकालाने पुसले जात नाही.

कायदाही या बाबतीत तिच्या बाजूने आहे. मतदान गुप्त असते. तू कुणाला मत दिलेस हे सांगायला चुलते, नवरा, सरपंच, कुणीही भाग पाडू शकत नाही. व्यवहारात मात्र अडचण आहे. मतदानयंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राचे आकडे वेगळे कळतात, आणि लहान गावात त्यावरून घराघराचे हिशेब मांडले जातात. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजण्याची सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली होती. तो प्रश्न स्त्री संघटनांनीही लावून धरायला हवा, कारण या हिशेबाची झळ सर्वांत आधी घरातल्या मुलींना आणि सुनांना बसते.

आता हरण्याविषयी. घटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली मुंबईतून लोकसभेला हरले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. त्याआधी, सप्टेंबर १९५१ मध्ये, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता आणि हिंदू कोड बिल रखडणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणजे माणूसही हरला आणि विधेयकही हरले. त्या वेळी त्यांना मत देणाऱ्या तरुण मतदारांना काय वाटले असेल? पण ते विधेयक तुकड्यांनी का होईना, १९५५ आणि १९५६ साली चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. घटस्फोट आणि वारसा यांचे जे हक्क आपण आज सल्ला केंद्रात रोज वापरतो, त्यांची सुरुवात तिथे आहे. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळायला मात्र महाराष्ट्रात १९९४ आणि देशभरात २००५ साल उजाडावे लागले.

प्रत्येक हारीचा शेवट असा होतो, असे आम्ही म्हणणार नाही. इरोम शर्मिला यांनी लष्कराला विशेषाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध नोव्हेंबर २००० पासून ऑगस्ट २०१६ पर्यंत उपोषण केले. २०१७ साली मणिपूरमधल्या थौबाल मतदारसंघात त्या मुख्यमंत्र्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांना ९० मते मिळाली. 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाला त्याहून अधिक, १४३ मते पडली. तो कायदा २०२२ साली मणिपूरच्या काही भागांतून उठला आणि २०२४ साली त्यांतल्या काही ठिकाणी पुन्हा लागू झाला. या कहाणीला गोड शेवट नाही. देशभरातल्या आदराचे मतदारसंघात आपोआप मत होत नाही, हा धडा मात्र आहे. त्यासाठी वस्तीवस्तीत माणसे लागतात, केंद्रावर बसायला प्रतिनिधी लागतात आणि पैसा लागतो.

पैशाचे आणि उमेदवारीचे गणित तरुण मतदारांना नीट सांगितले पाहिजे, नाहीतर "आमची बाईच कमी पडली" एवढाच अर्थ त्या काढतात. २०२४ साली ५४३ जणांच्या लोकसभेत ७४ स्त्रिया निवडून आल्या. २०१९ साली त्या ७८ होत्या. २८८ जणांच्या महाराष्ट्र विधानसभेत २०२४ साली २१ जणी आल्या. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. बचत गटातून पुढे आलेल्या बाईने ही रक्कम आणायची कुठून? २०२३ साली लोकसभा व विधानसभेत एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, पण तिला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट जोडली गेली. स्थानिक संस्थांत आपल्याकडे १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत. तरीही सर्वसाधारण जागेवर उभ्या राहिलेल्या बाईला अजून "काय काम?" असे विचारले जाते.

मग हरल्यानंतर करायचे काय?

पहिली गोष्ट, हरलेल्या उमेदवाराच्या घरी जा. गुलालाच्या दिवशी तिचे घर सर्वांत एकटे असते. तिची कामेही संपलेली नसतात. निवडणूक खर्चाचा हिशेब हरलेल्या उमेदवारालाही निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो. तो राहिला तर पुढच्या निवडणुकीला उभे राहण्यास ती अपात्र ठरू शकते. पावत्या लावायला दोन शिकलेल्या मुली बसल्या तरी तिला आधार होतो.

दुसरी गोष्ट, गैरप्रकाराची शंका असेल तर पुरावा गोळा करा आणि मुदत पाहा. लोकसभा-विधानसभेसाठी उच्च न्यायालयात ४५ दिवसांत, तर ग्रामपंचायतीसाठी दिवाणी न्यायालयात १५ दिवसांत अर्ज करावा लागतो. हा अर्ज मतदारही करू शकतो. पण पुरावा नसेल तर केवळ वाईट वाटते म्हणून अफवा पसरवू नका. "सगळंच खोटं असतं" हे एकदा मनात बसले की पुढच्या वेळी घरी बसायला तेवढे कारण पुरते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मुद्दा हरू देऊ नका. जिंकलेला सदस्य आपलाही सदस्य आहे. ज्या टाकीसाठी मत दिले, ती टाकी त्याच्याकडे मागा. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. तिथे विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. दारूच्या दुकानासाठी तर आपल्या राज्यात वेगळे मतदानच आहे. २५ टक्के स्त्री मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येते, आणि यादीतल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडवी बाटली'ला मत दिले तर दुकान बंद होते. झालेल्या मतांपैकी निम्मी नव्हेत, यादीतल्या निम्म्या. म्हणजे तिथे घरी बसलेली प्रत्येक बाई बाटलीच्याच बाजूने मोजली जाते. "पुन्हा नाही जायचं" म्हणणाऱ्या मुलींना हे आवर्जून सांगा.

त्या मुलीला आम्ही सांगितले, तू चुकली नाहीस. चुलत्यांशी कसे बोलायचे, कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज नाही आणि त्रास वाढला तर कुठे यायचे, यावर मग बराच वेळ बोललो. त्या प्रभागात बाईच्या बाजूने पडलेली मते आता गावाला माहीत आहेत. पुढच्या वेळी दुसरी कुणी उभी राहण्याचा विचार करील, तेव्हा ती शून्यापासून सुरुवात करणार नाही.

तुमच्या गावात, वस्तीत अशी कुणी हरली असेल तर ती आता काय करते आहे आणि तिला मत दिलेल्या मुली काय म्हणतात, हे आम्हाला जरूर लिहून कळवा.

— संपादक मंडळाच्या वतीने