पक्षनेतृत्वाचा इतिहास आणि मराठी साधने

भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाचा इतिहास बहुधा सरचिटणिसांच्या नामावळीने आणि ठरावांच्या तारखांनी सांगितला जातो. या नामावळीत मुंबईचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या १९२५ च्या परिषदेत निवडलेल्या चिटणिसांपैकी स. वि. घाटे हे मूळचे मंगळूरचे, पण त्यांचे कार्यक्षेत्र मुंबई. बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले गंगाधर अधिकारी मीरत खटल्यानंतर काही काळ सरचिटणीस होते. कलकत्त्याच्या १९४८ च्या अधिवेशनात पूरणचंद जोशी यांच्या जागी बी. टी. रणदिवे आले; १९५० मध्ये तेही पायउतार झाले. श्रीपाद अमृत डांगे १९६२ मध्ये अध्यक्ष झाले आणि १९८१ मध्ये त्याच पक्षातून त्यांची हकालपट्टी झाली.

हा सांगाडा खोटा नाही. तो अपुरा आहे. कोणाच्या जागी कोण आले हे त्यातून कळते. परंतु ज्यांचे नेतृत्व करावयाचे त्यांनी ते का मानले, याचे उत्तर ठरावांत सापडत नाही. ते शोधावयाचे तर भारतीय भाषांतील आत्मपर लेखनाकडे वळले पाहिजे, आणि हे काम साहित्याच्या अभ्यासकाचे आहे, असे माझे मत आहे.

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक या दृष्टीने वाचावे. साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभल्याने त्याची साहित्यकृती म्हणून दखल घेतली गेली, पण नेतृत्वाच्या इतिहासाचे साधन म्हणून ते फारसे वाचले गेले नाही. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी १९४५ मध्ये वेठ आणि लग्नगडीची प्रथा यांविरुद्ध लढा उभारला. सरकारने गोदावरीबाई व शामराव परुळेकर यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. तरीही लढा थांबला नाही. मग त्या काळात नेतृत्व कोणाचे होते? सरचिटणिसांच्या नामावळीपाशी या प्रश्नाला उत्तर नाही.

दुसरे उदाहरण आर. बी. मोरे यांचे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या उभारणीत सहभागी असलेले हे कार्यकर्ते पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नाकडे पक्षाने लक्ष द्यावे म्हणून नेतृत्वाशी आतून झगडत राहिले. त्यांचे अपुरे राहिलेले आत्मकथन पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेल्या चरित्रासह २००३ मध्ये मराठीत आले. इंग्रजी अनुवाद २०१९ मध्ये निघाला. मधल्या सोळा वर्षांत मराठी न वाचणाऱ्या अभ्यासकापुढे हे साधन नव्हते. जातिप्रश्नावर पक्षनेतृत्व मौन का राहिले याची चर्चा मात्र त्या काळातही चालूच होती.

आत्मकथन एकांगी असते, असा आक्षेप घेतला जाईल. तो खराच आहे. पण दप्तरातील कागद तरी निर्विवाद कोठे असतो? डांगे यांनी १९२४ मध्ये तुरुंगातून ब्रिटिश सरकारला लिहिल्याची म्हटली जाणारी पत्रे १९६४ मध्ये पुढे आली. डांगे यांनी ती बनावट ठरविली. त्या वादात राष्ट्रीय परिषदेचे ३२ सदस्य सभात्याग करून बाहेर पडले, आणि त्याच वर्षी पक्ष दुभंगला. या फुटीची कारणे अर्थातच अधिक खोल होती, चीनविषयीची भूमिका आणि काँग्रेसशी असलेले नाते यांत रुजलेली. तरीही एका संहितेच्या प्रामाण्याचा प्रश्न ऐन निर्णायक क्षणी उभा राहिला, हे विसरता येत नाही. संहितेची चिकित्सा तर आपल्याच शास्त्राचा विषय आहे.

म्हैसुरात, गोकुलममध्ये बसून हे लिहिताना कन्नडमधील ‘चिरस्मरणे’ या निरंजन यांच्या कादंबरीची आठवण होणे साहजिक आहे. केरळातील कय्यूरचा शेतकरी लढा त्यांनी कन्नडमध्ये आणला. चळवळीची स्मृती प्रांताच्या व भाषेच्या सीमा अशी ओलांडते. अभ्यासक मात्र त्या सीमांच्या आत राहतात. म्हणून मराठी, कन्नड, मल्याळम, तेलुगू व बंगाली कार्यकर्त्यांच्या आत्मकथनांची एक तौलनिक सूची तयार व्हावी, आणि त्यांतील निवडक ग्रंथांचे अनुवाद थेट एका भारतीय भाषेतून दुसरीत व्हावेत. पक्षाविषयी आपले मत अनुकूल असो वा प्रतिकूल, ही साधने नजरेआड करून बनविलेल्या मताला आधार थोडा राहील.