होडी, तिथी आणि भाषा

बाळकुमहून वर कल्याण आणि तेथून उलट वसईपर्यंत, पिंपांवर फळ्या ठोकलेल्या, नाममात्र इंजिनाच्या तराफ्यातून जाण्याचा बेत सांगितला, की ऐकणारा प्रथम इंजिनाची ताकद विचारतो. त्याने तिथी विचारायला हवी. उल्हासच्या या खाडीपट्ट्यात भरतीबरोबर वर जावे, ओहोटीबरोबर उतरावे. पाणी फिरताच नांगर टाकावा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण वेगाने नेते, पण वेळ चुकली तर तितक्याच वेगाने मागे लोटते. दुबळ्या होडीने अष्टमीच्या सुमाराचे भांगाचेच दिवस निवडावेत.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे, २०१६च्या कायद्याने हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग ५३ ठरला. कशेळीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या आपल्याला मात्र खाली वाट आहे, हे जाणवत नाही. वर्गात ‘उधाण’ फक्त आनंदाला येते आणि ‘भांग’ केसांत पडतो. रूपक उरले, अनुभव आटला. कोळ्यांच्या बोलीत हे शब्द अजून कामाचे आहेत. ते पुस्तकातून शिकवण्यापूर्वी आपण एकदा तरी भरतीची वाट पाहत बसावे.