काही झालं नाही, याचं श्रेय कुणाचं?

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. चार-पाच तास एखादा मार्ग बंद ठेवतात, रूळ-सिग्नलची कामं उरकतात, आपण कुरकुर करतो आणि बसचा रस्ता धरतो. एखाद्या बँकेचीही ‘रात्री सेवा बंद राहील’ अशी सूचना येते कधीमधी. पण ज्या इमारतीत कितीतरी कंपन्यांची यंत्रं एकाच छताखाली चालतात, त्या डेटा सेंटरला मेगाब्लॉक नाही. तिथली दुरुस्ती गाडी धावती ठेवूनच करावी लागते. मंडळी, आज लिहायचंय ते ही दुरुस्ती करणाऱ्या माणसाबद्दल.

माझा एक जुना विद्यार्थी नवी मुंबईत हे काम करतो. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा एकेकाळी केमिकल कंपन्यांचा म्हणून ओळखला जायचा, आता तिथे डेटा सेंटर उभी आहेत. हा तिथला सीनिअर फायबर टेक्निशियन. नातेवाईक मात्र विचारतात, “अजून वायरीच ओढतोस का रे?” मला हा प्रश्न झोंबतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

वायर कसली, काचेचा धागा तो! लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, त्याची जाडी साधारण ९ मायक्रॉन. आपला केस याच्या कितीतरी पट जाड. टोकावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण बसला तरी प्रकाश अडतो. म्हणून त्यांचा नियम असा: आधी सूक्ष्मदर्शकातून बघ, पूस, पुन्हा बघ, मगच जोड. आणि धाग्याच्या टोकात डोळा घालून कधीच बघायचं नाही, कारण आतला प्रकाश अवरक्त असतो. दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

तरी ही झाली कामाची सोपी बाजू. अवघड बाजू म्हणजे शेजार. एका ट्रेमध्ये पिवळ्या नि आकाशी केबलींचे जुडगेच्या जुडगे. त्यातली एकच काढायची आणि बाकीच्या सगळ्या चालू. जोर लावून ओढलं, शेजारची केबल जास्त वाकली, की तिच्यातला प्रकाश बाहेर निसटतो आणि भलत्याच कुणाचं काम थांबतं. म्हणून दोन्ही टोकांची लेबलं वाचायची, कागदाशी ताडायची, जोडीदाराकडून वदवून घ्यायची, मग हात लावायचा. आणि हे बहुधा मध्यरात्रीनंतर, जेव्हा आपण झोपलेलो असतो.

कुणी म्हणेल, तिथे प्रत्येक गोष्टीला दुसरी वाट असतेच की! असते. ‘टिअर ३’ डेटा सेंटरची रचनाच अशी, की एक वाट दुरुस्तीला घेतली तरी दुसरीवर काम चालावं. त्यांच्यासाठी सर्रास सांगितला जाणारा आकडा ९९.९८२ टक्के, म्हणजे वर्षभरात बंद राहण्याची मुभा जेमतेम दीड तास. पण जरा विचार करा, एक वाट दुरुस्तीला घेतल्यावर उरते एकच. नेमक्या त्याच वेळी माणसाचा हात आत असतो. धोका सर्वांत जास्त तेव्हाच.

बरं, यंत्रं आहेत ना? आहेत. ओटीडीआर नावाचं यंत्र धाग्यात प्रकाशाचे स्पंद सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून किती अंतरावर तुटलंय ते सांगतं. पण आत्ता हात घालावा की उद्यावर ठेवावं, हे ते सांगत नाही. ते माणूस सांगतो. मी त्या मुलाला विचारलं, तुझ्या कामातलं सगळ्यात अवघड काय रे? म्हणाला, “बाई, ‘थांबा’ म्हणणं. लेबल जुळत नाही, आज काम करणार नाही, हे साहेबाला सांगणं.”

माझं मत इथेच आहे. सीनिअर या शब्दाचा अर्थ पगार किंवा वर्षं एवढाच नसावा. ज्याचा हात केबलवर आहे, त्याला काम थांबवायचा लेखी अधिकार असावा आणि थांबवल्याबद्दल त्याला बोलणी खावी लागू नयेत. अशा रात्री काहीच घडत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही. घडलं तर मात्र दुसऱ्या दिवशी आधी त्याचंच नाव पुढे येतं. हा कुठला न्याय?

या विषयात श्रेयाचा घोळ तसा जुनाच. पंजाबात मोग्याला १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी सांगत, की प्रकाश सरळ रेषेतच जातो असं शाळेतल्या शिक्षकांनी सांगितलं आणि ते त्यांना पटेना. १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्यावरचा लेख ‘नेचर’मध्ये छापला. २००९ चं नोबेल चार्ल्स काव यांना मिळालं, त्यांचंही काम मोठंच. कपानींना पद्मविभूषण जाहीर झालं २०२१ मध्ये, ते गेल्यावर. इतक्या मोठ्या माणसाची ही गत, तर रात्रपाळीच्या टेक्निशियनला कोण विचारतो!

आपण मुलांना ‘शिकला नाहीस तर हातानं काम करावं लागेल’ अशी भीती घालत आलो. सगळ्या शाळांनी घातली, घरांनीही घातली. हे वाक्य आता बंद करूया. एवढ्या बारीक धाग्यावर हात स्थिर ठेवायला शिक्षणच लागतं, आणि वरिष्ठाला नाही म्हणायला त्याहून जास्त.

असो. घरात कुणी हे काम करत असेल तर पुढच्या वेळी ‘वायरी ओढतोस का’ऐवजी ‘काल रात्री काय थांबवलंस?’ असं विचारून बघा. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.